कोटिंग पाटलाकडं

विलास, तुला जाऊन अजून महिना पुरा व्हायचा आहे आणि मी तुझ्याशी भांडायला बसलोय. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुझ्याबद्दल बोलतच नाही, तुझ्याशी बोलतोय. तू कुठला, काय शिकलास, मेंटेनन्सला किती वर्षं काढलीस, हे सगळं शोकसभेत सांगून झालं. शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या गेटपाशी आम्ही सगळे उभे होतो. तुमच्या खात्याचे सुपरवायझर गुजरातीत ‘बहु सरस माणस हतो’, फार चांगला माणूस होता, एवढंच म्हणाले आणि पुढे त्यांना बोलता येईना. मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, विलास एकवेळ तोंडावर कडू बोलेल, पण खोटं बोलणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यात जोरात मी डोलावली. आता ती मान मला परत घ्यायची आहे.

तेरावं झालं आणि सुनंदावहिनींनी मला आमलीला तुमच्या घरी बोलावलं. मागच्या गॅलरीत तुझं टेबल जसंच्या तसं होतं. काठी फिरवायची छोटी मोटार, ब्रश, स्पिरिटची बाटली, सगळं. मोटारीच्या शेजारी माझ्या जावयासाठी केलेली मासे पकडायची काठी आडवी ठेवलेली. मूठ बसवून झालेली, कड्या दोऱ्याने बांधून झालेल्या, फक्त कोटिंग बाकी.  मी म्हटलं, ‘‘वहिनी, हिचं कोटिंग मी करतो. बांधणं त्याचं आणि कोटिंग माझं, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं.’’ त्यावर वहिनी जे बोलल्या ते तुला ऐकवणारच आहे. पण आधी माझी बाजू ऐकून घे. तुझी बाजू मांडायला तू येणार नाहीस, हे तुझ्या फायद्याचंच आहे म्हणा.

तू मला त्या गॅलरीत पहिल्यांदा नेलंस तेव्हा माझी काय दशा होती ते तुला माहीत होतं. माझी बायको मंगला गेलेली. मुलगी लग्न होऊन नाशिकला. सामरवरणीच्या खोलीत मी एकटा, आणि रविवार अंगावर यायचा. बाकीचे दिवस पॅकिंग खात्यात निघून जायचे. रविवारी मात्र चहा एकट्याचा, भाकरी एकट्याची आणि बोलायला भिंत. कंपनीच्या बसमध्ये तू शेजारी येऊन बसलास आणि विचारलंस, ‘‘पाटील, रविवारी काय करतो?’’

‘‘काही नाही रे भो. पडून राहतो.’’

‘‘मग पडायला माझ्याकडं ये. गॅलरीत वारा चांगला येतो.’’

मी जळगावकडचा, आमच्या घरात मासा कधी शिजला नाही. तू डहाणूकडचा, तुझ्या गळ्याखाली माशाशिवाय घास उतरायचा नाही. मी तुला म्हटलंही, अरे, मला गळ कुठल्या बाजूने धरतात तेसुद्धा कळत नाही, मी तुझ्या काठ्यांमध्ये काय करू? तू म्हणालास, ‘‘खायला नाय बोलवला तुला. बनवायला बोलवलाय.’’ दोन रविवार मी नुसता बसून बघत राहिलो. तिसऱ्या रविवारी तू माझ्या हातात दोऱ्याचं रीळ दिलंस.

आपली पहिली फजिती आठवते? कार्बनची पोकळ काठी तू मागवली होतीस. टोकापर्यंत दोरी ओवायला ज्या कड्या लावायच्या, त्या प्रत्येकीचे पाय दोऱ्याचे वेढे घालून काठीला घट्ट बांधायचे आणि त्या वेढ्यांवर इपॉक्सीच्या चिकट रसाचा थर द्यायचा, म्हणजे दोरा भिजत नाही, सुटत नाही आणि कडी जन्मभर हलत नाही. तुला वाटलं, आपण यार्नच्या, म्हणजे धाग्याच्या, कंपनीत कामाला, आपण दोरा विकत आणायचा म्हणजे कमालच झाली. सुपरवायझरला विचारून वेस्टमधली एक लालभडक बॉबिन आणलीस. बांधून झालं तेव्हा काठी नवरीसारखी दिसत होती. मग इपॉक्सी लावलं आणि त्या यार्नचा एकेक केस उभा राहिला. सुकल्यावर बघतो तर काठीला जागोजागी लाल मिशा. दिवसभर मशीनवर यार्न फुगवायचं हाच आपल्या कंपनीचा धंदा, आणि फुगवलेलं यार्न रस पिऊन ताठ होणार हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. वहिनी दारात उभ्या राहून पोट धरून हसल्या. मंगला गेल्यानंतर मी मोठ्याने हसलो तो त्या दिवशी, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतो. त्या हसण्याचे उपकार मी विसरलेलो नाही, आणि म्हणूनच पुढचं सगळं जास्त लागतंय.

त्यानंतर शिवणाचा चांगला दोरा आला आणि आपली वाटणी ठरली. तू म्हणालास, ‘‘मी बांधीन. कोटिंग पाटलाकडं.’’

विलास, ते काम मला किती आवडायचं रे. दोन सिरिंज, एक राळेची, एक ती घट्ट करणाऱ्या हार्डनरची. एकीने दुसरीतलं औषध चुकूनही ओढायचं नाही. दोन्ही सारखं घ्यायचं. जरा कमीजास्त झालं की थर आठवडाभर चिकट राहतो, मग त्याला देवसुद्धा सुकवू शकत नाही. काडीने सावकाश ढवळायचं, घाई केली की बुडबुडे. मग ते फॉइलवर ओतून पसरायचं, म्हणजे तापत नाही आणि हाताला जरा वेळ मिळतो. भंगारातल्या मायक्रोवेव्हची, ती ताटली फिरवणारी मोटार तू आणली होतीस. तिच्यावर काठी हळूहळू फिरत राहायची आणि मी ब्रश नुसता टेकवून धरायचो. रस आपोआप दोऱ्यात शिरायचा. दोऱ्याचा रंग गडद व्हायचा, वेढे दिसेनासे व्हायचे आणि वर ओली चमक चढायची. बुडबुडा राहिलाच तर वाकून त्याच्यावर हलकी गरम फुंकर. तेवढ्या वेळात मला दुसरं काही आठवायचं नाही. रविवार कधी सरला ते कळायचं नाही.

संध्याकाळी काठी फिरती ठेवून मी सामरवरणीला जायचो. वरचा दुसरा हात तू आठवड्यात देणार, असं ठरलेलं. पुढच्या रविवारी मी आलो की तू ती काठी खिडकीशी उजेडात धरायचास. ‘‘बघ. काच आहे, काच. पाटलाचा हात!’’

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलाय हे तुला ठाऊक होतं. काम दिसतं, बारीक डाग दिसत नाही. मला चमक दिसायची. बाकीचं मी तुझ्या तोंडून बघायचो. आणि तुझं तोंड काच म्हणायचं, म्हणून मी पॅकिंगमध्ये छाती काढून फिरायचो. नरोलीला खोली करून राहणारा तो बिहारी ऑपरेटर तुझी काठी घेऊन दमणला जाऊन आला, तेव्हा मी त्याला कॅन्टीनमध्ये गाठून विचारलं होतं, कोटिंग कैसा लगा? वो मेरा है. तो म्हणाला, एकदम मस्त, पाटीलजी. मुलीला फोनवर सांगितलं, तुझा बाप म्हातारपणी कारागीर झाला. ती खूश झाली. ती किती खूश झाली ते आता मला आठवायचंसुद्धा नाही.

एकदा कोटिंग ओलं असताना लाइट गेली होती. मोटार बंद. काठी थांबली की रस खाली ओघळणार आणि थेंब धरणार. मग या टोकाला तू आणि त्या टोकाला मी, मांडीवर काठी घेऊन हाताने फिरवत बसलो. दुपार होती, पंखा बंद, दोघंही घामाने निथळत होतो. हात अडकलेले असले की माणूस बोलतो. मी तुला मंगलाचं सांगितलं. रविवारी अंघोळ झाली की ती मला पाटावर बसवून डोक्याला चपचपीत खोबरेल तेल लावायची. आठवडाभराची कंपनी डोक्यातून जाऊ दे म्हणायची. ती गेल्यावर मी माझंच लावतो, आणि लावलं नाही तर रविवार सुरूच झाला नाही असं वाटतं. तू मान खाली घालून काठी फिरवत राहिलास. मला वाटलं, काय माणूस आहे, किती मनापासून ऐकतो.

तू काय ऐकत होतास ते आता कळलं.

आणि आपलं भांडण. तेही अर्धवट टाकून गेलास. जावयाला गळ टाकायचा नाद लागला म्हणून मी म्हटलं, त्याची काठी मी करणार. बांधणी मी, कोटिंग मी, माझ्या खोलीवर नेऊन, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तू नाही म्हणालास. मी कारण विचारलं तर म्हणालास, तुझ्या खोलीत धूळ फार, तुझ्याकडे मोटार नाही, तुझी गादी खराब होईल. गादी! दमणगंगेच्या पुलावर उभे होतो आपण. मी म्हटलं, ‘‘विलास, तुला एकट्यालाच नाव पाहिजे का रे?’’ तुझा चेहरा पडला. म्हणालास, ‘‘तसा नाय रे पाटील.’’ मग कसं, ते सांगितलं नाहीस. पुढे काही रविवार मी आलो नाही. शेवटी तूच खोलीवर आलास. माझ्या हातची शेवभाजी चाटूनपुसून खाल्लीस आणि म्हणालास, बांधून मी ठेवतो, कोटिंगला तू ये, तुझ्याशिवाय मजा नाय. मी विरघळलो. मित्र इतक्या जिव्हाळ्याने बोलला की माणूस अजून काय करणार? मधला आठवडा संपायच्या आत तू कंपनीच्या बसमध्ये छातीला हात लावून खाली बसलास आणि उठला नाहीस.

आता वहिनींचं ऐक. मी म्हटलं ना, हिचं कोटिंग मी करतो, तर त्या रडता रडता हसल्या. तू गेल्यानंतर बहुतेक पहिल्यांदाच. म्हणाल्या, ‘‘करा भाऊ, तुम्हीच करा. पन आता सोमवारी सोलायला हे नाय ना.’’

‘‘सोलायला म्हणजे?’’

‘‘म्हणजे काय भाऊ, तुमाला माहीत नाय? तुम्ही केलेल्यावर बारीक बारीक खड्डे पडायचे. तेलाचे. तुम्ही डोक्यावरून हात फिरवायचे आणि मग दोऱ्यावर बोटं. यांची सेकंड शिफ्ट असायची तेव्हा सकाळी बसायचे. जास्त बिघडला असेल तर माझा केसांचा ड्रायर घेऊन गरम करायचे आणि सगळा सोलून काढायचे, दोऱ्यासकट. परत बांधायचे, परत लावायचे. माझा एक ड्रायर तर त्यातच गेला.’’

मी तिथेच स्टुलावर बसलो. विचारलं, किती काठ्यांना असं केलं? त्या म्हणाल्या, ‘‘सगळ्याच की.’’ आणि माझ्याकडे बघून घाबरल्या. त्यांना वाटलं होतं मला हे माहीत आहे. त्यांना वाटलं होतं ही आपल्या दोघांतली गंमत आहे. त्या माउलीने हे तुझं कौतुक म्हणून सांगितलं, विलास. ‘‘मी बोलायचे यांना, सांगा ना भाऊंना, हात धुऊन घ्या म्हणून. तर मलाच दटावायचे. बोलायचे, त्याची मंगला तेल लावायची त्याला. हात धू बोललो तर तो तेलच सोडून देईल. गप बस.’’

खरं आहे, तू प्रत्येक वेळी दोरा स्पिरिटने पुसून माझ्या पुढ्यात ठेवायचास, आणि मी पारखीसारखी मान कलती करून, केसांतून हात फिरवून, परत सगळ्या वेढ्यांवरून बोटं ओढायचो. तुझ्या डोळ्यांदेखत! आणि तू चहा पीत बसायचास. तेल असलं की इपॉक्सी तिथून अंग काढून घेतं हे शेंबडं पोरही सांगेल, फक्त माझ्या डोक्यात आलं नाही. मला तेवढं एक वाक्य तुला सांगता आलं नाही? ‘पाटील, हात धू.’ एवढंच. कंपनीत तू साहेबाला सांगायचास, बेअरिंग तुमच्या हलगर्जीनेच गेलं म्हणून. तुझी जीभ मऊ होती काय? मला सांगताना तेवढी ती अडखळली.

लोक मला म्हणतील, अरे, यात दगा कसला? केवढी माया केली त्याने तुझ्यावर. होय, केली. सोमवारची सकाळ, सेकंड शिफ्टच्या आधीची झोप मोडून, हातात ब्लेड आणि बायकोचा ड्रायर घेऊन बसलेला तू मला दिसतोस. असं माझ्यासाठी माझ्या सख्ख्या भावाने केलं नसतं. पण विलास, मला वाटत होतं आपण दोघं मिळून काठ्या बनवतो. मी तुझा जोडीदार आहे. तू बांधतोस, मी कोटिंग करतो. आणि तू मला घरात खेळायला घेतलेल्या लिंबूटिंबूसारखं वागवत होतास. पळू द्यायचं, बाद मात्र करायचं नाही, आणि खरा डाव तो घरी गेल्यावर खेळायचा. मंगला मेली म्हणून माझी अक्कल मेली नव्हती. मला हात धुता आले असते. मी तेल सोडलं असतं असं तू परस्पर कसं ठरवलंस? माझं दुःख किती आणि ते कशाने मोडेल याचा हिशेब तू कधी केलास, आणि मला न विचारता? ते मी तुला विश्वासाने सांगितलं होतं, त्या काठीच्या दुसऱ्या टोकाला बसून. त्याचं तू माझ्याशी खोटं बोलायला कारण करून घेतलंस.

आणि एकदा टाका उसवला की उसवतच जातो. आता मी एकेक आठवून बघतो. शेवभाजी खरंच आवडली होती की पाण्याचा घोट घेऊन उतरवलीस? माझे विनोद? माझं मुलीबद्दलचं बोलणं? ‘तुझ्याशिवाय मजा नाय’ हे तरी खरं होतं का, की ती काठी माझ्या खोलीवर जाऊ नये म्हणून बोललास? कुणाला विचारू? त्या बिहारी ऑपरेटरला तर मी आता तोंड दाखवत नाही. त्याने कौतुक केलं ते तुझ्या कामाचं, आणि मी ते खिशात घालून घरी आलो होतो. लोकांनी मला उगीच मान दिला असता तर मी हसून सोडून दिलं असतं. तू मात्र लोक नव्हतास.

मागच्या रविवारी मी गेलो आमलीला. काठी तिथेच ठेवायला सांगितली होती. अंघोळ केली, डोक्याला तेल लावलं. हो, लावलं, चपचपीत. तुझ्या घरी नळाखाली साबणाने हात धुतले, पुसले, परत धुतले. आमलीच्या दुकानातून घेतलेले पातळ हातमोजे घातले. दोरा स्पिरिटने पुसला आणि नंतर त्याला बोट लावलं नाही. डोक्याला खाज सुटली तरी हात वर नेला नाही. दोन सिरिंज, काडी, फॉइल, ब्रश. मोटार चालू केली. तेलही राहिलं, कोटिंगही झालं, विलास. दोन्हींत वैर नव्हतंच. वैर तू लावलंस.

संध्याकाळी गेलो नाही मी. थर बसेपर्यंत तिथेच बसून राहिलो. वहिनींनी चहा दिला, जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून सकाळी परत गेलो. वहिनींनी काठी मोटारीवरून काढली, खिडकीशी नेली, फिरवून फिरवून बघितली. मला चमक दिसत होती, नेहमी दिसायची तशीच. त्या म्हणाल्या, ‘‘छान झालीय, भाऊ. कुठे काय नाय. अगदी यांच्यासारखी.’’

मी म्हटलं, ‘‘वहिनी, खरं सांगा.’’

‘‘खरंच सांगते.’’

‘‘बारीक खड्डे असतील. कडीच्या पायाशी बघा.’’

‘‘नाय हो.’’

‘‘मला बरं वाटावं म्हणून सांगू नका.’’

त्यांनी देवाची शपथ घेतली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तरी मी विचारतच राहिलो. शेवटी त्यांनी माझ्या हातात काठी दिली आणि आत निघून गेल्या. तू गेल्यापासून त्या बाईला मी पहिल्यांदा दुखवलं. शेजारच्या मुलीला बोलावून दाखवली, ती म्हणाली, काका, मस्त आहे. तिचंही मला पटलं नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला हो म्हणून आलोय, पण पट्टी निघाल्यावर डाग नाही दिसला तरी, मी स्वतःची समजूत घालायला छान म्हणतोय का, हे कोण सांगणार? काठी जावयाकडे पाठवली नाही. खोलीवर आणून भिंतीला टेकवून ठेवली आहे. येता-जाता तिच्याकडे बघतो आणि संतापतो.

ती चांगली झाली की नाही, हे मला फक्त तुझ्याकडून ऐकायचं आहे, विलास. आणि तू सांगितलंस तरी आता माझा विश्वास बसणार नाही.